घरच्या सुरीला धार लावायला शिका: दगड, कोन आणि बर

टोमॅटोवर सुरी ठेवली आणि साल कापायच्या आधी टोमॅटोच दबला, रस बाहेर आला, की समजायचं सुरी बोथट झालीय. बऱ्याच घरांत अशी सुरी वर्षानुवर्षं चालवतात आणि वर "जास्त धार नको गं, हात कापेल" असंही सांगतात. पण होतं नेमकं उलटं. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती कांद्याच्या सालीवरून सटकते आणि त्याच जोरात बोटावर येते. धार असलेली सुरी जिथे ठेवली तिथेच खाली उतरते. कोथिंबिरीवर तर फरक लगेच दिसतो, बोथट सुरीने ती चिरडली जाते आणि थोड्या वेळात काळी पडायला लागते, चांगल्या धारेने चिरलेली बराच वेळ हिरवीगार राहते. कांद्याचं पण तसंच, पेशी कमी चिरडल्या की डोळ्यांना झोंबणारा वायू कमी सुटतो आणि पाणी कमी येतं.

हे सगळं मी अगदी पहिल्यांदा करणाऱ्यासाठी लिहितेय, आणि आपल्या ओट्यावर असते त्या साध्या स्टीलच्या सुरीसाठी. धार लावण्यात हात बसायला थोडा वेळ लागतो हे खरं, पण त्यातली एक गोष्ट कळली की बाकी सगळं आपोआप जागेवर बसतं, आणि ती गोष्ट म्हणजे बर, घासताना धारेच्या पलीकडे वळणारी केसासारखी पातळ कड. त्यावर पुढे सविस्तर येतेच, तो भाग घाईत वाचू नका.

आधी सुरी नीट बघून घ्या

सुरीची धार वर करून धरा, डोक्यावर ट्यूबलाईट किंवा समोर खिडकीचा उजेड असू द्या आणि धारेवरून नजर फिरवा. चांगली धार डोळ्यांना दिसतच नाही कारण ती इतकी बारीक असते की तिथून उजेड परत यायला जागाच नसते. जिथे पांढरी चमकणारी रेघ किंवा ठिपका दिसेल तिथली धार एकतर झिजलीय नाहीतर वाकलीय. बहुतेक सुऱ्यांचा मधला भाग आणि टोकाजवळचा भाग गेलेला असतो, मुठीजवळचा भाग जवळपास नवाच असतो कारण तिथे कोणी कापतच नाही. तांदळाच्या दाण्याएवढ्या खाचा पडल्या असतील तर ती सुरी आधी धारवाल्याकडे न्या, हाताने दगडावर त्या काढत बसलात तर पहिल्याच दिवशी कंटाळाल.

नवीन सुरी घेणार असाल तर जाताना खिशात छोटा चुंबक ठेवा. धार धरणारं स्टील कडक करता येणारं असतं आणि त्याला चुंबक चिकटतो. चुंबक चिकटला म्हणून सुरी चांगलीच असेल असं नाही, पण अजिबात चिकटत नसेल तर तिचं पातं ताटं-वाट्यांच्या जातीच्या स्टीलचं असणार आणि त्यावर धार टिकत नाही, ती घेऊ नका.

दगड कोणता घ्यायचा

हार्डवेअरच्या दुकानात "धारेचा दगड द्या" म्हटलं की करड्या-काळपट रंगाचा दोन बाजूंचा दगड काढून देतात, एक बाजू खरखरीत आणि एक त्यापेक्षा बारीक. हा कार्बोरंडम म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचा दगड. स्वस्त आहे, पटकन धातू काढतो, शिकायला हाच घ्या. लांबी किमान ६ इंच बघा, ८ इंच मिळाला तर उत्तम, त्याहून छोट्यावर सुरी सारखी कडेवरून घसरते.

दगडाचा खरखरीतपणा ग्रिटच्या आकड्यात सांगतात, आकडा जितका लहान तितका दगड खरखरीत. हार्डवेअरवाल्या दगडाची बारीक बाजू पण तशी खरखरीतच असते, त्यामुळे धार थोडी दातेरी येते, पण भेंडी, टोमॅटो, सिमला मिरची यांना ती धार छान चालते. हात बसला की पुढे १००० ग्रिटचा पाण्यावर चालणारा दगड घ्या, घरच्या कामाला तो खरंच पुरतो. ऑनलाईन १००० आणि ६००० असा जोडदगड दिसतो आणि मोह होतो, पण आपल्या नेहमीच्या मऊ स्टीलवर ६००० ची झिलई चार दिवस पण टिकत नाही, तो खर्च नंतर कडक स्टीलची जपानी सुरी घेतलीत तर करा. डायमंड प्लेट पण मिळते, ती भिजवावी लागत नाही आणि सपाटच राहते, फक्त तिच्यावर हात अगदी हलका हवा, दाबून घासलं तर तिचे कण उखडतात.

दगडावर पाणी वापरायचं की तेल, ते पहिल्या दिवशीच ठरवा. एकदा तेल मुरलेल्या दगडात मग पाणी शिरत नाही. मी पाणीच सांगेन, स्वयंपाकघरात तेच सोयीचं. आणि शेंगदाणा किंवा सोयाबीनचं खायचं तेल तर दगडावर अजिबात नको, ते काही दिवसांनी चिकट होऊन दगडाची छिद्रं बुजवतं.

दगड आणायला वेळ आहे आणि आज पाहुणे येतायत? मग लोणच्याची चिनी मातीची बरणी किंवा चहाचा कप उलटा करा, खाली जिथे झिलई नसते ती खरबरीत कडा असते ना, तिच्यावर सुरी थोडी तिरकी धरून (किती ते पुढे "कोन"मध्ये सांगते) हलक्या हाताने दोन्हीकडून पाच-सात वेळा सुरी ओढा. तेवढ्यापुरतं काम निभावतं. पाट्यावर किंवा ओट्याच्या कडेवर घासण्यापेक्षा हे कितीतरी बरं, त्या दगडांनी वेडेवाकडे ओरखडे पडतात आणि धार लाटांसारखी होते.

मांडणी

दगड पाण्यात बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की भिजला, साधारण दहा मिनिटं लागतात. ओट्यावर ओला नॅपकिन चौपदरी घालून त्यावर दगड ठेवा म्हणजे तो जागचा हलणार नाही. हलणाऱ्या दगडावर धार लावायची नाही, हा नियम कुठल्याही घाईत मोडू नका. बाजूला वाडग्यात पाणी, वर चांगला उजेड, आणि लहान मुलं त्या वेळी स्वयंपाकघरात नकोत.

कोन

इथे लोक घाबरतात, पातं आणि दगड यांच्यात २० अंशांचा कोन हवा, पण तो म्हणजे नक्की किती ते हाताला कसं कळणार म्हणून. त्याची एक सोपी युक्ती आहे. सुरीचं पातं धारेपासून पाठीपर्यंत किती रुंद आहे ते पट्टीने मोजा, आणि पाठ दगडापासून त्याच्या एक तृतीयांश उंचीवर उचला, की कोन जवळपास २० अंशांचा होतो. म्हणजे पातं साडेचार सेंटीमीटर रुंद असेल तर पाठ दीड सेंटीमीटर वर, आणि भाजीची छोटी सुरी २ सेंटीमीटरची असेल तर पाठ जेमतेम ७ मिलिमीटर वर. नेहमीच्या सुरीला हा कोन बरोबर आहे. कडक स्टीलच्या जपानी सुरीला १५ अंश लागतात, तिथे रुंदीचा एक चतुर्थांश धरा.

दुसरी युक्ती मार्करची. धारेच्या दोन्ही बाजूंना काळ्या पर्मनंट मार्करने रेघ मारा आणि दगडावर चार-पाच वेळा घासून बघा. धारेच्या उतारावरची शाई अगदी कडेपर्यंत सगळी गेली असेल तर कोन बरोबर आहे. वरची शाई गेली आणि कडेची तशीच राहिली तर पाठ थोडी उचला. फक्त कडेचीच गेली आणि वरची सगळी शाबूत असेल तर पाठ जास्त उचललीय, थोडी खाली घ्या. पहिले काही वेळा हे करा, मग डोळ्यांना आणि मनगटाला सवय होते आणि मार्कर लागत नाही.

कोन एखादा अंश इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही. बिघडतं ते प्रत्येक वेळी वेगळा कोन झाला तर, कारण मग धार टोकदार व्हायच्या ऐवजी गोल होते. म्हणून मनगट घट्ट ठेवा आणि हालचाल कोपरा-खांद्यातून करा.

घासायचं कसं

खरखरीत बाजू वर घ्या. उजव्या हातात मूठ, अंगठा किंवा पहिलं बोट सुरीच्या पाठीवर, आणि डाव्या हाताची दोन-तीन बोटं पात्यावर, धारेपासून थोडी मागे, जिथे घासायचंय बरोबर त्या जागी. दाब ही डावी बोटं देतात, उजवा हात फक्त कोन सांभाळतो. मुठीजवळच्या भागापासून सुरू करा, दगडाच्या पूर्ण लांबीवर पुढे-मागे न्या, पण दाब एकाच दिशेला द्या, ज्या दिशेला पाठ पुढे असते आणि धार मागून येते त्या दिशेला. परत आणताना नुसतं टेकवून आणायचं. एका जागी दहा-पंधरा वेळा झालं की डावी बोटं थोडी टोकाकडे सरकवा, परत तेच. टोकाजवळ पातं वळतं, तिथे मूठ किंचित वर उचलावी लागते नाहीतर टोक दगडाला लागतच नाही आणि महिनोन्‌महिने बोथट राहतं.

दाब किती? किचनचा वजनकाटा असेल तर त्यावर दगड ठेवून एकदा बघाच, सुरुवातीला साधारण एक किलोचा दाब पुरतो, आणि शेवटच्या फेऱ्यांना दोनशे ग्रॅम. बघितल्यावर बऱ्याच जणांना कळतं की आपण उगाच अंगातला सगळा जोर लावत होतो. दगडावर काळं पाणी जमेल, ते पुसू नका, त्यातले सुटे कण पण काम करतात, सुकायला लागलं की बोटांनी चार थेंब पाणी शिंपडा.

बर, म्हणजे सगळ्या कामाची खूण

एका बाजूने घासत गेलं की धातू झिजत झिजत धारेच्या टोकापर्यंत पोचतो आणि तिथे इतका पातळ होतो की पलीकडच्या बाजूला वळतो. त्या वळलेल्या केसासारख्या कडेला वर्कशॉपमध्ये बर म्हणतात. बर आली याचा अर्थ या बाजूने तुम्ही धारेच्या अगदी शेवटपर्यंत पोचलात. बर आली नाही तर तुम्ही अजून वरच्या वरच घासताय, मग पन्नास वेळा घासा की पाचशे वेळा. म्हणून मी आकडे सांगत नाही, "प्रत्येक बाजूला वीस वेळा घासा" असं कोणी सांगितलं तर ते सोडून द्या, स्टील वेगळं, दगड वेगळा, हात वेगळा, वीसने काय होणार. बर येईपर्यंत घासायचं, एवढंच माप.

तपासायचं असं: वरची बाजू, जी दगडाला लागत नव्हती, तिच्यावर अंगठा आडवा ठेवून पाठीकडून धारेच्या दिशेने हळूच बाहेर न्या. धारेच्या लांबीवरून अंगठा कधीही फिरवायचा नाही, फक्त आडवा आणि बाहेरच्या दिशेने. बर असेल तर शेवटी अंगठ्याला खरखर लागते, काहीतरी अडकल्यासारखं. बोटांना कळत नसेल तर देवाच्या वातींसाठी असतो तो कापूस घ्या, त्याचा छोटा बोळा तसाच आडवा ओढा, जिथे बर आहे तिथे कापसाचे धागे अडकून राहतात. मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे धागे अडकले पाहिजेत. मध्ये दोन सेंटीमीटर कोरडं गेलं तर तेवढ्याच भागावर परत जा. पहिल्या वेळी एका बाजूला वीस मिनिटं पण लागू शकतात, जुनी बोथट सुरी असेल तर अजून जास्त, म्हणून सोडून देऊ नका. पुढच्या वेळेपासून हे काम झटपट होतं कारण तेव्हा कोन आधीच घातलेला असतो.

बर पूर्ण लांबीवर आल्याशिवाय बाजू बदलायची नाही. या एका वाक्यासाठी मी हा सगळा लेख लिहितेय असं समजा.

आता सुरी उलटा आणि दुसऱ्या बाजूने तेच सगळं करा, बर पहिल्या बाजूला येईपर्यंत. दोन्ही बाजूंनी झालं की बर काढायची, कारण तिला धार समजून तसंच ठेवलं तर ती पहिल्याच गाजराला तुटते किंवा लोळते. दाब कमी करून एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला पाच, मग तीन-तीन, मग एक-एक, अगदी सुरीच्या स्वतःच्या वजनाने. मग दगडाची बारीक बाजू वर घेऊन परत तोच क्रम, इथे बर बारीक येते आणि कापसालाच कळते. शेवटी दगडावर वर्तमानपत्राचा कोरडा कागद घट्ट गुंडाळा नाहीतर जुन्या चामड्याच्या पट्ट्याची आतली बाजू सपाट धरा आणि त्यावर सुरी फक्त मागे ओढा, पाठ पुढे आणि धार मागे, दोन्ही बाजूंना आठ-दहा वेळा. धार पुढे करून ढकललीत तर पट्टा कापला जाईल.

साबणाने धुवा, पुसा. दगडाची बारीक पूड सुरीवर असते, तशीच भाजीला लावू नका.

जमलं का ते बघा

वर्तमानपत्राचा एक कागद वर धरून कडेपासून खाली कापा, मुठीपासून टोकापर्यंत सगळं पातं त्यातून जाऊ दे. जिथे कागद फाटतो किंवा अडकतो ती जागा राहिलीय. मग टोमॅटो, सुरी नुसती ठेवून मागे ओढायची, दाबायचं नाही, साल कापली गेली पाहिजे.

नाही जमलं तर कारण बहुतेक दोनांतलं एक असतं. सुरी आधीसारखीच बोथट वाटतेय तर बर आलीच नव्हती, परत खरखरीत बाजूपासून सुरू करा. आणि आज मस्त चालली पण उद्याच गेली, तर बर नीट निघाली नव्हती, त्याला फक्त बारीक बाजू आणि पट्टा पुरतो.

धार टिकवायची तर

ग्रॅनाईटचा ओटा, स्टीलचं ताट, काचेचा बोर्ड यांच्यावर कापायचं बंद करा. तिन्ही इतके कडक असतात की त्यांच्यावर आपटून धार वाकते किंवा झिजते, दोन दिवसांत सगळी मेहनत पाण्यात. लाकडाचा किंवा मऊ प्लॅस्टिकचा बोर्ड घ्या. चिरलेली भाजी कढईत लोटताना सुरी उलटी करून पाठीने लोटा, धारेने बोर्ड खरवडू नका. नारळ, डब्याची झाकणं, तेलाच्या पिशव्या, गोठलेलं मटण, यातलं काही सुरीचं काम नाही, मासळीच्या जाड काट्याला आणि हाडाला कोयता आहे. फणस कापताना पात्याला आधी खोबरेल लावा म्हणजे चीक बसणार नाही, चीक बसला की मग तो काढायला लोक तारेची घासणी धारेवरून फिरवतात.

सुरी सिंकमध्ये भांड्यांच्या ढिगात टाकायची नाही, धारेसाठी पण आणि भांडी घासणाऱ्या मावशींच्या बोटांसाठी पण. वापरली की लगेच धुवून पुसून ठेवा. स्टेनलेसला गंज येतच नाही असं नाहीये, मीठ आणि लिंबू-चिंच लागलेली सुरी रात्रभर राहिली की बारीक ठिपके पडतात. ड्रॉवरमध्ये चमच्यांबरोबर ठेवत असाल तर पुठ्ठ्याचं म्यान करा, जुन्या खोक्याचा तुकडा दुमडून चिकटपट्टी लावली की झालं.

सुरीच्या सेटबरोबर लांब गोल सळई येते ती धार लावायला नसते, वाकलेली धार सरळ करायला असते. तिचं टोक नॅपकिनवर टेकवून उभी धरा आणि सुरी त्याच २० अंशांच्या कोनात, वरून खाली, दोन्हीकडून चार-पाच वेळा हलकेच ओढा. आठवड्यातून एकदोनदा असं केलं तर दगड दोन-तीन महिन्यांनी काढला तरी चालतं. जपानी सुरीला मात्र रेघा असलेली लोखंडी सळई लावू नका, ते स्टील कडक असतं आणि वाकण्याऐवजी त्याचे टवके उडतात.

विळी

विळी, कोकणातली मोरळी, गोव्याची आदोळी, यांचं पातं बहुतेक वेळा साध्या लोखंडी पोलादाचं असतं, आणि खरं सांगायचं तर त्याला धार स्टेनलेसपेक्षा लवकर लागते. पण पातं बाकदार असल्यामुळे सपाट दगडावर ते नीट टेकत नाही, म्हणून इथे उलटं करायचं, विळी पाटासकट जमिनीवर घट्ट बसवायची आणि ओला दगड हातात घेऊन पात्यावर फिरवायचा. दगडाची अरुंद कड वापरा, आणि बोटं दगडाच्या कडेच्या मागेच राहतील असा धरा, बाहेर डोकावायला नकोत. आधीचा उतार जसा आहे तसाच धरा, तो सुरीपेक्षा थोडा जाड असतो आणि भोपळा-सुरणासाठी तसाच हवा. बर तपासायची रीत तीच, पण इथे अंगठ्यापेक्षा कापूसच बरा.

काम झालं की पातं पुसून त्यावर खोबरेलाचं बोट फिरवा. गंज आला असेल तर अर्ध्या कापलेल्या बटाट्यावर मीठ घेऊन घासा, धुवा, लगेच कोरडं करा आणि तेल लावा. कोकम, कैरी, चिंच कापल्यावर पातं काळं पडतं, तो काळेपणा म्हणजे गंज नाही, त्याला खरवडायची गरज नाही.

बाकीचं थोडक्यात

दातेरी सुरी सपाट दगडावर घासू नका, दात जातील, ती स्वस्त असते, गेली की बदला. व्हीच्या आकाराच्या खाचेतून सुरी ओढायचं यंत्र मिळतं ते धातू ओरबाडून काढतं, कामचलाऊ धार येते पण सुरी लवकर संपते, चांगल्या सुरीला ते लावू नका. कात्रीला दगडावर फक्त बाहेरचा उतार घासायचा, आतली सपाट बाजू घासली की पाती एकमेकांना टेकत नाहीत आणि कात्री कापतच नाही.

सायकलवर चाक लावून येणारा धारवाला मला आवडतो, खाचा पडलेल्या सुरीला आणि कोयत्याला त्याच्याशिवाय पर्याय नाही. फक्त त्याला सांगा, "दादा, हलक्या हाताने घ्या आणि मध्ये मध्ये पाण्यात बुडवा". कोरड्या चाकावर जास्त दाबलं की धार तापते, पात्यावर निळसर डाग येतो, आणि तिथलं स्टील मऊ पडतं. डाग पडलेल्या जागची धार मग पुढे कितीही लावली तरी टिकत नाही, तो भाग झिजून जाईपर्यंत.

आणि दगडाचं राहिलं. घासून घासून तो मध्ये खोलगट होतो आणि मग त्यावर कोन सांभाळता येत नाही. पेन्सिलने दगडावर उभ्या-आडव्या रेघा मारा, सपाट फरशीवर किंवा जाड काचेवर १२० नंबरचा ओला पॉलिश पेपर पसरा आणि दगड त्यावर गोल गोल फिरवा, सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट झाला. धुवून सावलीत सुकवा, उन्हात ठेवू नका, पाण्यावरच्या दगडांना तडे जातात, आणि पूर्ण सुकल्याशिवाय डब्यात बंद करू नका, पावसाळ्यात तर नाहीच.